दार्जिलिंग: टायगर हिल आणि तेनझिंग यांचं संग्रहालय एकाच दिवशी जमेल का?

दिवाळीच्या सुट्टीत दार्जिलिंगला जातोय. सोबत चौथीतली लेक आणि सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. लेकीला सध्या एव्हरेस्टशिवाय दुसरं काही सुचत नाही. म्हणून एक दिवस खास तिच्यासाठी ठेवलाय: पहाटे टायगर हिल आणि मग हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचं संग्रहालय. तेनझिंग २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पोचले, पुढच्याच वर्षी ही संस्था सुरू झाली आणि गिर्यारोहण शिकवायला तेच तिथे होते. त्यांचा पुतळाही त्याच आवारात आहे. ते तिला दाखवायचंच आहे.

पण टायगर हिलसाठी काळोखात, चारच्या आधी निघावं लागतं म्हणे. तिथून थेट संग्रहालयात जावं, की आधी हॉटेलवर येऊन झोपावं? संग्रहालय प्राणिसंग्रहालयाच्या आत आहे आणि फाटकापासून चढ आहे. सासूबाईंना तो झेपेल का? त्यांना मागे ठेवून जायला मन तयार नाही, हिमशिखरं बघायची त्यांचीही फार इच्छा आहे. आणि त्या पहाटे नेमके ढग असले तर काय करायचं?

प्रतिसाद

ताई, नक्की जमेल, फक्त मध्ये दोन तास झोप काढा. गुरुवार मात्र टाळा, प्राणिसंग्रहालय बंद असतं. टायगर हिल मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठेवा, म्हणजे ढग आलेच तर आणखी एखादी पहाट हाताशी राहील.

वर गेल्यावर सगळे पूर्वेकडे तोंड करून सूर्याची वाट बघतात. तुम्ही लेकीला उत्तरेकडे वळवा. कांचनजंगा तिकडे आहे, आणि सूर्य वर यायच्या आधीच ८,५८६ मीटर उंचीच्या त्या टोकावर गुलाबी रंग चढतो. एव्हरेस्ट वायव्येला, हवा अगदी स्वच्छ असेल तरच दिसतं, तेही इवलंसं. त्याच्या शेजारचं मकालू शिखर आपल्याला जास्त जवळ, म्हणून तेच उंच वाटतं. हे तिला आधीच समजावून सांगा, नाहीतर बिचारीचा हिरमोड होईल.

सासूबाईंचं म्हणाल तर रस्ता पक्का आहे, पण चढ सलग आहे. लाल पांडा, हिमबिबट्या बघत, थांबत थांबत न्या. गुडघ्यांना उतरताना जास्त त्रास होतो, तेव्हा काठी बरोबर असू द्या.