क्रूझ बुक झाली, जहाज अजून लांब आहे : मधले महिने तुम्ही कसे घालवलेत? (खान्देशकरांचे अनुभव)

मेहरूणकाठ, जळगाव

आमच्या घरातल्या सहा जणांची सिंगापूर–पेनांग–फुकेत क्रूझ बुक झाली आहे, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरची. एवढं आधी कशाला, असं जो तो विचारतो. नाताळच्या सुट्टीत चौघं एकत्र राहतील अशा खोल्या जहाजावर मोजक्या असतात आणि त्या सगळ्यांत आधी जातात. शिवाय सासूबाईंसाठी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली हवी होती, कारण तिथे हेलकावे सगळ्यांत कमी जाणवतात. लवकर गेलं तरच अशी निवड करता येते.

आता पुढे काय, हा प्रश्न आहे. मुलं रोज "अजून किती?" म्हणतात. सासूबाई काही बोलत नाहीत, पण नवी चप्पल आणली ती "जहाजावरच घालीन" म्हणून कपाटात ठेवून दिली. पावसाची, भावाची, निकालाची वाट पाहणं आपल्या घरांना माहीत आहे. हौसेच्या गोष्टीसाठी वर्ष-दीड वर्ष थांबायचं, हे आमच्याकडे पहिल्यांदाच घडतंय आणि ते दिवस नुसते ढकलायचे नाहीत असं मनापासून वाटतं. ज्यांनी अशी वाट पाहिली आहे किंवा आत्ता पाहत आहेत, त्यांनी लिहा. दर आणि ऑफर कुठेही कळतात. तुम्ही त्या महिन्यांत काय केलंत, ते सांगा.

केळीबाग, रावेर

आमचं सगळं गणित बागेवर चालतं. जुलैत केळीच्या मृगबागेची लागवड झाली त्याच सुमारास मुलाने पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरची क्रूझ नक्की केली. टिश्यूकल्चरचं रोप लावल्यापासून घड कापायला अकरा-बारा महिने लागतात. म्हणजे एक बाग पूर्ण निघणार आणि मग आपण निघणार. हिने पहिल्याच दिवशी ठरवलं, कॅलेंडरवर फुल्या मारायच्या नाहीत, कामांवर मोजायचं. माती लावून झाली तेव्हा पासपोर्टचे अर्ज केले. थंडीत करपा रोगाच्या फवारण्या चालू होत्या तेव्हा मुलाने खोलीचा नकाशा आणून दाखवला, पलंग कुठे आणि खिडकी कुठे. निसवण सुरू होऊन घड बाहेर पडायला लागल्यावर मात्र हिला खरं वाटायला लागलं. रोज संध्याकाळी बागेत चक्कर मारायची आणि येताना क्रूझचं काहीतरी विचारायची.

मे-जूनमध्ये आमच्या रावेर-यावल पट्ट्यात वादळाचं भय असतं. एका संध्याकाळी उभी बाग आडवी होते. तो महिना घरात क्रूझचा विषय कोणी काढला नाही, मीच सांगून ठेवलं होतं. माल सुखरूप कापला गेला आणि पैसे हातात आले, तेव्हा उरलेली रक्कम भरली. बऱ्याच क्रूझ कंपन्या सुरुवातीला फक्त अनामत घेतात आणि बाकीचे पैसे निघायच्या अडीच-तीन महिने आधी मागतात. शेतकऱ्याला ही रीत सोयीची आहे. बुक करतानाच दोन गोष्टी लेखी घ्या : अनामत परत मिळते का, आणि कोणत्या तारखेनंतर रद्द केलं तर किती कापतात.

मागे पिलबाग होती, म्हणजे कापलेल्या केळीच्या पिलांची दुसरी बाग, ती भावाने सांभाळली. त्याचं ऋण आहे.

निवृत्त कंट्रोलर, भुसावळ

नोकरीभर रेल्वेच्या भुसावळ कंट्रोलमध्ये तक्त्यावर गाड्यांच्या रेघा ओढल्या. कुठली गाडी कुठे आहे, किती मागे आहे, कोणाला बाजूला घ्यायचं, हेच डोक्यात. निवृत्तीनंतर मुलीने मुंबईहून निघणारी क्रूझ बुक करून दिली आणि जहाजाचं नाव सांगितलं, 'एम्प्रेस'. हे जहाज १९९० सालचं. आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या नावाने मुंबईहून प्रवासी नेऊ लागलं. जुनं इंजिन कुठल्या शेडहून आलं हे पाहायची आम्हाला सवय, त्यामुळे मी ती सगळी माहिती आधी गोळा केली.

मग नातीने फोनवर जहाजांचा नकाशा उघडून दिला. प्रवासी जहाजांना आपलं नाव, ठिकाण, दिशा आणि वेग रेडिओवरून सतत सांगत राहावं लागतं. त्या यंत्रणेला एआयएस म्हणतात. किनाऱ्यावरचे अँटेना साधारण चाळीस सागरी मैलांपर्यंतचे संदेश पकडतात. जहाज त्याच्या पलीकडे गेलं की उपग्रह लागतो, आणि फुकटच्या नकाशावर बहुतेक वेळा ते दिसेनासं होतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा नात घाबरली. तिला समजावून सांगितलं की गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये असली तरी ती चालतच असते.

मी एक वही घातली. मुंबई सोडल्याची वेळ, गोव्याला पोचल्याची वेळ, मधला वेग. वेग नॉटमध्ये येतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे अठरा नॉट हे जेमतेम तेहतीस किलोमीटर. आमच्या मालगाड्या याहून जोरात जातात! पण रोज पाहता पाहता लक्षात आलं की जहाजाला घाई नसतेच. रात्रभर सावकाश जायचं आणि सकाळी बंदरात शिरायचं, असाच वेळ आखलेला असतो. पावसाळ्यात त्याचा मुक्काम पूर्वेकडे चेन्नईला होता, तेव्हाही वही चालू ठेवली. श्रीलंकेची बंदरं त्यामुळे तोंडपाठ झाली. बॅलार्ड पिअरला प्रत्यक्ष चढलो तेव्हा इतके महिने पाहिलेली रेघ पायाखाली होती. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठं सुख नाही.

ज्यांच्या जहाजाचं नाव ठरलंय त्यांनी हे आजच सुरू करावं. पैसे लागत नाहीत.

स्टेशन रोड, चाळीसगाव

मी वेगळं मत मांडते. आम्ही दोघंच, मुलं मोठी झाली, सुट्ट्यांचं बंधन नाही. आम्ही निघायच्या महिनाभर आधी बुक करतो. खिडकी नसलेल्या आतल्या खोल्या तेव्हाही मिळतात आणि आम्हाला चालतात, खोलीत फक्त झोपायला जातो. वाट पाहण्यात मजा आहे हे कबूल, पण पंचाहत्तरीच्या माणसाला पुढच्या वर्षीची तारीख देताना तब्येतीचा विचार करावा. घरात वयस्क कोणी असेल तर विमा आधी पाहा, जुने आजार त्यात धरतात का ते वाचा, मगच तारीख.

अमळनेरकर

मुलगा सिॲटलला असतो. त्याने अलास्काची जूनमधली क्रूझ ठरवली आणि आम्हाला वर्षभर आधी सांगितलं. अलास्काच्या क्रूझ साधारण मे ते सप्टेंबर चालतात, थंडीत तिकडे कोणी नेत नाही.

आता अमळनेरचा मे महिना कसा असतो हे इथल्यांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या आसपास, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही दोघं कूलरसमोर बसून बर्फाबद्दल वाचायचो. मुलाने ग्लेशियर बेची माहिती पाठवली होती. १७९४ मध्ये व्हँकूव्हर या इंग्रज कप्तानाच्या मोहिमेतली माणसं तिथे पोचली तेव्हा तो उपसागर जवळजवळ नव्हताच. तोंडापर्यंत बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर गेले तेव्हा तीच हिमनदी साठ किलोमीटरहून जास्त मागे सरकली होती आणि मधे समुद्र आला होता. त्याही आधी तिथे लिंगिट या मूळ रहिवाशांची गावं होती. बर्फ पुढे आला आणि त्यांना गावं सोडून जावं लागलं. हे वाचल्यावर हे बराच वेळ गप्प बसले. धरणात गाव गेलेले आमचे नातेवाईक आहेत. त्यांच्याकडे जाऊन ह्यांनी ही गोष्ट सांगितली, आणि त्या घरातल्या म्हातारबाबांनी किती प्रश्न विचारले! ती माणसं परत आली का, त्यांचे देव कुठे ठेवले. पुढच्या वेळी उत्तरं घेऊन जायची म्हणून आम्ही आणखी वाचलं. वंशज आजही शेजारच्या हूना गावात राहतात आणि उपसागराच्या काठी त्यांचं एक सभागृहही बांधलं आहे.

तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझना सोडतात. उद्यानाचे रेंजर लहान बोटीतून येऊन चालत्या जहाजावर चढतात आणि माहिती सांगतात. वर्षभर वाचलेलं होतं, त्यामुळे रेंजरबाई बोलत होत्या ते मला समजत होतं. माझं इंग्रजी बेताचं आहे, तरी समजत होतं.

दोन कामाच्या गोष्टी. गरम कपडे आपल्याकडे थंडीत स्वेटरवाले येतात तेव्हाच घेऊन ठेवा, मे महिन्यात शोधाल तर मिळणार नाहीत. आणि चालायची सवय करा. ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही रोज सकाळी प्रताप कॉलेजच्या मैदानावर फेऱ्या सुरू केल्या. मोठं जहाज तीनशे मीटर लांब असतं. जेवायला एका टोकाला आणि खोली दुसऱ्या टोकाला असली तर दिवसभरात बरंच चालणं होतं.

पांझराकाठ, धुळे

आमची बार्सिलोनाहून भूमध्य समुद्राची, अजून व्हायची आहे. आई पासपोर्टसाठी रोज पोस्टमनला विचारायची, "मना पासपोर्ट उना का?" तो आला तेव्हा देवापुढे ठेवला.

लवकर बुक केलं म्हणून व्हिसा लवकर मिळत नाही, हे लक्षात ठेवा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंतच करता येतो, त्यापूर्वी घेत नाहीत. जहाज मधे तुर्कस्तानात थांबत असेल तर शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत यायचं असतं, तेव्हा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. पासपोर्टची मुदत आत्ताच बघा. परतल्यानंतरही सहा महिने शिल्लक असलेली बरी.

घरात आम्ही रविवारी एक बंदर घेतो. जेवणं झाली की तासभर नकाशा पसरून बसायचं. नेपल्सच्या रविवारी मुलाने पॉम्पेई सांगितलं, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेलं. आईने विचारलं, त्या शहरात लोक काय खात होते? पुढच्या रविवारपर्यंत त्याने शोधलं. भट्टीत भाजलेला पाव जसाच्या तसा सापडलाय, आठ फोडींच्या खुणा असलेला. आईला तो फोटो इतका आवडला की तिने तसा रोट थापून बट्टीबरोबर भाजून पाहिला.

व्हेनिसच्या रविवारी एक धडा मिळाला. तिथल्या जुडेका कालव्यातून मोठ्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत व्हेनिस लिहिलेलं असलं तरी मोठी जहाजं बहुधा रावेन्ना किंवा ट्रिएस्टेला लागतात आणि पुढचा रस्ता बसने. पत्रिकेतल्या शहराच्या नावाखाली बंदराचं नाव शोधत जा. आमच्या कंपनीने मधेच एक बंदर बदललं आणि ते साध्या मेलने कळवलं. वाईट वाटलं, कारण त्या बंदराचा रविवार मुलीने फार मन लावून केला होता. करारात कंपनीला तसा अधिकार असतो. मुलीला सांगितलं की ते गाव कुठे जात नाही.

शहादा

लिहू की नको असं झालं होतं. आम्ही दोघांनी मुंबईहून निघणारी क्रूझ वर्षभर आधी बुक केली होती, ह्यांची हौस होती. मधल्या काळात हे गेले. मुलगा म्हणाला रद्द करू. मी नाही म्हटलं. शेवटचे पैसे भरायच्या आधी होतं, म्हणून कंपनीने ह्यांच्या जागी जाऊबाईंचं नाव घालून दिलं.

ते उरलेले महिने कसे काढले ते सांगते. आम्ही दोघी आठवड्यातून एकदा तापीकाठच्या प्रकाशा गावी जायचो. ह्यांच्या अस्थी तिथेच सोडल्या होत्या. तापी पुढे उकाई धरणात जाते आणि सुरतेखालून अरबी समुद्राला मिळते. आम्ही जाणार होतो तो समुद्र तोच. जाऊबाईंनी कधी मुंबईसुद्धा पाहिली नव्हती, त्यांना लिफ्टची भीती वाटायची. नंदुरबारला एका दवाखान्यात लिफ्ट आहे, तिथे ओळखीच्यांना विचारून आम्ही वर-खाली केलं. कानबाईच्या सणाला सगळं घर जमलं, सुरतेचे दीर-भावजय आले. बायकांमध्ये कुजबुज होती की वर्षाच्या आत कशी निघाली. रोटाच्या जेवणाला सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ती जाणार आहे. त्यानेच पैसे भरलेत." मग कोणी बोललं नाही.

जाऊन आलो. डेकवर दोघी पहाटेपर्यंत बसलो होतो. ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांनी आधी नाव बदलता येतं का ते विचारा. घाईने रद्द करू नका.

गोमाईतीर (नंदुरबार जिल्हा)

शहाद्याच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

आमची लक्षद्वीपची आहे, जानेवारीत. मी आणि मुलगी पोहायला शिकतोय. मुलीला श्वास धरून पाण्याखाली डोळे उघडता येतात, आता मास्क लावायचा सराव चालू आहे. लगूनमधली प्रवाळं वरूनच पाहायची, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही, हे तिला आत्तापासून बजावतेय. तिथे जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो तुमची क्रूझ कंपनी काढते की आपण काढायचा, ते विचारून ठेवा.

मेहरूणकाठ, जळगाव

शहाद्याच्या ताईंचं लेखन सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

दोन प्रश्न. बिबड्या, केळीचे वेफर्स, चटण्या नेता येतात का? आणि सिंगापूरला जायचं विमान मुंबईहून आहे. जळगाव–मुंबई रेल्वेचं कधी काढायचं?

मोर नदी, फैजपूर

घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर चालत नाही. कारखान्यात बंद केलेल्या पाकिटातले वेफर्स, फरसाण बऱ्याच कंपन्या येऊ देतात, पण आपल्या कंपनीची यादी वाचा. बिबड्या घरच्या असल्या तर घरीच ठेवा, तळायलाही तिथे काही मिळणार नाही. जहाजावरचं खाणं बंदरावर उतरवू नका, फळं तर मुळीच नाहीत, बऱ्याच देशांत दंड होतो. इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्डही काढून घेतात. सासूबाईंना आलेपाक द्या, मळमळीला बरा पडतो. गोळी हवी असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि ती बोट हलायच्या आधी घ्यायची असते.

निवृत्त कंट्रोलर, भुसावळ

रेल्वेचं सांगतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. क्रूझ वर्षभर आधी काढलीत तरी गाडीला थांबावंच लागेल. साठाव्या दिवशी सकाळी आठला बसा. आणि विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचाल अशीच गाडी घ्या, त्याच दिवशीची नको. कसारा घाटात गाडी कधी थांबेल हे आम्हालासुद्धा आधी सांगता येत नसे. तारीख कळवा, जळगावला थांबणाऱ्या गाड्या काढून देतो. सासूबाईंना खालचा बर्थ हवा, तोही त्यात बघू.