नव्या घरात पहिलं काय शिवलंत?

नव्या घरी राहायला येऊन आम्हाला तीन आठवडे झाले. कपाटं लागली, भांडी जागेवर गेली, तरी संध्याकाळी बोलताना आवाज घुमायचा आणि आपण दुसऱ्याच कुणाच्या घरी उतरलोय असं वाटायचं. रविवारी शिलाई मशीन खोक्यातून काढलं आणि बैठकीच्या खोलीचे पडदे शिवायला घेतले. नवरा स्टुलावर उभा राहून टेप धरत होता, नऊ वर्षांचा लेक वहीत आकडे लिहीत होता. एकसारख्या दिसणाऱ्या दोन खिडक्यांमध्ये तीन सेंटिमीटरचा फरक निघाला. तीन आठवडे तिथेच वावरत होतो, पण खोली कळली ती मापं घेताना.

माप खिडकीच्या चौकटीचं न घेता दांडीचं घेतलं. दांडी दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटिमीटर पुढे काढली आहे, म्हणजे पडदे सारले की काच पूर्ण मोकळी होते. १८० सेंटिमीटरच्या दांडीला दुप्पट, ३६० सेंटिमीटर रुंदीचं कापड धरलं. कमी धरलं असतं तर पडदा ओढल्यावर चुण्याच राहिल्या नसत्या. पडद्याच्या वरच्या कडेत बसवायच्या रिंगा लेकाने मोजल्या. त्या सम संख्येत असल्या तरच पडद्याची दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात, हे मी सांगितलं आणि त्याने कागदाची पट्टी दुमडून स्वतः करून पाहिलं.

खालची दुमड अजून नुसती टाचून ठेवलीय. पण पडदे टांगले त्या रात्री घुमणारा आवाज बसला. जेवताना लेक म्हणाला, "आई, आता आपण हळू बोललो तरी ऐकू येतं."

तेव्हापासून मनात आहे, बाकीच्यांनी काय केलं असेल? नव्या घरात तुम्ही पहिलं काय शिवलंत? शेजारी कोण बसलं होतं? फसलेलंही लिहा, मला तेही हवंय.

*

ताई, खालची दुमड घाईने शिवू नका, एवढं आधी सांगते. मी शिवली होती. सुती कापड न धुताच कापलं, २१० सेंटिमीटरचे पडदे त्याच रात्री पूर्ण केले. पहिल्या धुण्यात आठ सेंटिमीटर आटले आणि जमिनीपासून वर लटकायला लागले. सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं हे मला ठाऊक होतं, पण घर सजलेलं बघायची घाई झाली होती. मग मुलींच्या जुन्या फ्रॉकच्या पट्ट्या जोडून खाली काठ लावला. धाकटी अजून त्या काठावर बोट ठेवून सांगते, हा माझा वाढदिवसाचा, हा शाळेतल्या नाचाचा.

तुम्ही कापड आधी धुतलं असेल, तरी कच्चा दोरा घालून आठवडाभर टांगून ठेवा. लांब कापड स्वतःच्या वजनाने थोडं उतरतं. ते उतरून झालं की मग तुरपाई करा.

*

आमची बदलीची नोकरी. अकरा वर्षांत पाच घरं. दुसऱ्या घरात दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा पेन्सिलने केल्या होत्या. घर सोडताना मोठी त्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि हलेचना. सामानाची गाडी खाली थांबलेली, मला काय बोलावं सुचेना. शेवटी नवऱ्याने खुणा कागदावर उतरवून घेतल्या.

नव्या घरात मी पहिली शिवली ती उंचीची पट्टी. जाड, न ताणणारं कापड घेतलं, आधी दोनदा धुतलं आणि पट्टी उभ्या धाग्यात कापली. आडवं किंवा उरेब, म्हणजे तिरकं, कापलं असतं तर कापड ताणलं जाऊन मापंच खोटी झाली असती. पट्टी ५० सेंटिमीटरपासून सुरू होते आणि जमिनीपासून बरोबर ५० सेंटिमीटरवर टांगायची, म्हणजे पायाखाली येत नाही, खालून मळत नाही. प्रत्येक मुलाच्या दोऱ्याचा रंग वेगळा. वाढदिवसाला खूण करायची आणि ज्याची खूण त्यानेच टाका घालायचा. कागदावरच्या जुन्या खुणाही त्यावर भरून घेतल्या.

त्यानंतर आणखी दोन घरं बदलली. खिळा ठोकून पट्टी टांगली की मुलं दप्तरं त्याच खोलीत टाकतात. माझ्यासाठी घर लागलं ते तेव्हा.

*

मी एका मुलीचा बाबा. शिवायला चाळिशीत शिकलो, तेही लेकीमुळे. ती डावखुरी आहे. तिला कापड नीट कापता येत नाही म्हणून ती रडायची आणि आम्ही दोघंही म्हणायचो, सवयीने येईल. मग एकदा तिची कात्री मी डाव्या हातात धरून पाहिली. नेहमीच्या कात्रीचं वरचं पातं डाव्या हाताने कापणाऱ्याच्या नजरेआड नेमकी खडूची रेघ लपवतं. वर अंगठ्याच्या दाबाने पाती एकमेकांपासून लांब जातात आणि कापड मधे दुमडतं. डावखुऱ्यांच्या कात्रीत पात्यांची जागाच उलटी असते. ती कात्री आणली आणि पहिल्याच दिवशी तिने सरळ कापलं. दोन वर्षं आपण तिला चुकीचं हत्यार देऊन दोष तिला देत होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

नव्या घरात तिच्या खोलीसाठी आम्ही मिळून उशीचे अभ्रे शिवले. तिने विचारलं, मशीनला दोन दोरे कशाला? मग खालचं झाकण उघडलं, वर निळा दोरा, खालच्या छोट्या रिळात, म्हणजे बॉबिनमध्ये, पांढरा, आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. सुई वर येताना दोऱ्याचा छोटा फास पडतो, शटलचं टोक तो पकडतं आणि बॉबिनभोवती फिरवून सोडतं. निळा आणि पांढरा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. हीच ती लॉकस्टिच. एलियास हाउने १८४६ मध्ये अमेरिकेत तिच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ चं. तिला सनावळीत रस नव्हता. तिला तो फास पुन्हा पुन्हा पाहायचा होता. तासभर आम्ही चाकच फिरवत बसलो.

१६ इंची उशी असेल तर आमचं माप देतो: पुढचा तुकडा १७ बाय १७ आणि मागे १७ बाय साडेअकराचे दोन. मागच्या दोन्ही तुकड्यांची एकेक कड आधी दुमडून शिवायची. मग ते एकमेकांवर चार इंच येतात, चेन लागत नाही. सात वर्षांच्या मुलीला चेन लावायला सांगू नका, उत्साह तिथेच संपतो.

*

मधेच विचारते. घर बदलल्यापासून माझ्या मशीनला खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतंय. प्रवासात काही मोडलं असेल का?

*

वरचीला: मोडलं नसेल. जाळं खाली दिसलं तरी बहुतेक वेळा वरचा दोरा नीट बसलेला नसतो. मशीनचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, वर उचला आणि मग दोरा पुन्हा ओवा; पाय खाली असताना ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही. टाके सुटत असतील तर सुई बदला. साध्या सुती कापडाला ८०, जाड पडद्याला ९०, जीन्सला १००. तो आकडा सुईची जाडी सांगतो, ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर. आणि सुई बदलायला ती मोडायची वाट बघू नका, सातआठ तास शिवून झालं की नवी लावा.

*

सातव्या महिन्यात नव्या घरी आले. बाळाच्या खोलीसाठी मी मोठी यादी केली होती: रजई, छोटी उशी, पाळण्याच्या कडेला लावायच्या मऊ गाद्या. कापड कापूनही झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, पहिलं वर्षभर बाळ झोपतं तिथे यातलं काहीच ठेवायचं नाही. घट्ट सपाट गादी आणि ताणून बसवलेली चादर, बस. मऊ वस्तूंनी बाळाचा श्वास कोंडू शकतो. त्या दिवशी घरी येऊन कापलेले तुकडे घडी करून ठेवताना खूप रडले. एवढ्या हौसेने कापले होते.

आईने ते तुकडे पुन्हा बाहेर काढले. आम्ही दोघींनी मिळून त्याचं जमिनीवरचं अंथरूण केलं, बाळ जागं असताना पालथं पडून खेळायला. अंथरुणावर कापडाचा ससा होता, त्याला बटणाचे डोळे लावणार होतो, ते दोऱ्याने भरले, म्हणजे तोंडात जाण्यासारखं काही राहिलं नाही. पाळण्यासाठी इलॅस्टिकची चादर शिवली. लेक आता सव्वा वर्षाची आहे. त्या सशाच्या डोळ्यांवर बोट ठेवते आणि स्वतःचे डोळे मिटते.

*

सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे. घर बदललं तेव्हा सगळ्यात जास्त हाल त्यांचे झाले. जुन्या घरात पायांना वाट पाठ होती. इथे रात्री बाथरूम सापडायचं नाही, त्या पॅसेजमध्ये उभ्या राहायच्या.

मी पहिलं शिवलं ते दारांसाठी. बाथरूमच्या दारावर गडद निळ्या कापडावर पिवळ्या कापडाची मोठी बादली. त्यांच्या खोलीच्या दारावर त्यांच्याच जुन्या पिशवीचा फुलांचा तुकडा. अक्षरं काढली नाहीत, चित्रं आणि ठळक रंगच ठेवले. आठवड्याभरात रात्रीचं उभं राहणं कमी झालं.

मग मांडीवर घ्यायची छोटी गोधडी केली. तिच्यावर मोठी चेन, काज-बटणं, बांधायची नाडी, मखमलीचा आणि खरखरीत कॉर्डरॉयचा तुकडा. बटणं मागून पट्टी देऊन दुहेरी दोऱ्याने पक्की केली. दुपारी त्या बेचैन व्हायच्या, हाताला काही हवं असायचं. आता बटणं लावत-काढत बसतात.

एका दुपारी त्या एका बटणाशी थांबल्या. "हे काज सैल झालंय," म्हणाल्या, आणि सुई मागितली. मी द्यावी की नाही या विचारात पडले, मग ओवून दिली आणि शेजारी बसले. त्यांनी सैल टाके उसवले आणि काज नव्याने भरलं, टाक्याला टाका चिकटवून, एकही कमी-जास्त नाही. त्या दिवशी सकाळपासून त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. काज पूर्ण झाल्यावर ते माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "असं करायचं असतं, बाळ." ते काज मी कधीच उसवणार नाही.

*

हे वाचून लिहायला थोडा वेळ लागला.

बाबा गेल्यावर आईला आमच्याकडे आणलं. तिच्यासाठी ती नवीन जागा होती, आमच्यासाठी बाबा नसलेलं घर नवीन होतं. त्यांचे अकरा शर्ट होते. भाऊ आणि मी पाच इंचाचे १६८ चौकोन कापले, एका ओळीत १२, अशा १४ ओळी. पाव इंच शिलाई धरून ५४ बाय ६३ इंच व्हायला हवं होतं. माझ्या ओळी बरोबर भरल्या, भावाच्या प्रत्येक ओळीत जवळजवळ दीड इंच कमी. त्याची टीप दोन्ही बाजूंना अर्धा सूत जास्त आत जात होती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). एका सांध्याला एक सूत, अकरा सांध्यांना अकरा सूत. दिसत नाही, पण साचतं.

उसवायला आई बसली. दोन संध्याकाळी ती टीप काढत होती आणि प्रत्येक शर्टाचं काहीतरी सांगत होती. हा शर्ट तुझ्या निकालाच्या दिवशी घातला होता. याला शाईचा डाग होता, बघ, आत दुमडलास तो. बाबा गेल्यापासून ती इतकं बोललीच नव्हती. भावाची चूक झाली नसती तर त्या दोन संध्याकाळी आम्हाला मिळाल्या नसत्या.

वरचा थर, मधे जुनी चादर, खाली अस्तर. तिन्ही थर मधून बाहेरच्या दिशेने टाचत गेलो, म्हणजे घड्या अडकत नाहीत. मग हाताने धावदोरा. जपानी साशिको काय, बंगालचा कांथा काय, आपली गोधडी काय, सगळ्यांचा पाया तोच साधा धावदोरा आहे. आईचे टाके बारीक, माझे मध्यम, भावाचे लांब. अंधारात हात फिरवला तरी कोणता भाग कुणाचा ते कळतं. आई ती गोधडी भावाची बाजू छातीकडे घेऊन पांघरते.

*

सुरुवात मी केली होती, म्हणून पुन्हा लिहिते. सगळं वाचलं, काही नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. काजाचं वाचताना मला मधे थांबावं लागलं.

वरच्या ताईंचं ऐकून पडदे आठ दिवस तसेच टांगून ठेवले. आज मोजलं, कापड दीड सेंटिमीटर उतरलंय. कच्चा दोरा काढून दुमड नव्याने टाचली. लेकाने सुई ओवून ठेवलीय, आणि खालच्या एका कोपऱ्यात त्याला स्वतःच्या हाताने दहा टाके घालायचे आहेत, लाल दोऱ्याने. पडदे पांढरे आहेत. मी हो म्हटलंय.