येशूसारखे जगण्यासाठी डोळ्यांसमोर कोणाला ठेवावे? सल्ला हवा आहे

पायवाट
सप्रेम नमस्कार. माझ्या आईला अलीकडे विस्मरण होते आणि ती एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारते. पहिल्या चार वेळा मी शांतपणे उत्तर देते. पाचव्या वेळी माझा आवाज चढतो, आणि तिचा चेहरा उतरला की मला स्वतःची लाज वाटते. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूचे चरित्र, वाचताना असेच जगावे असे मनापासून वाटते, पण पुस्तक मिटून आईच्या खोलीत गेले की ते टिकत नाही. येशूच्या वाटेने चाललेले एखादेच माणूस सुचवावे. मला दिवसाकाठी जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात, त्यामुळे जाडजूड चरित्रे आणि लांब उपास कृपया सांगू नयेत.

पहाटतारा
मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असे लिहिले आहे. मी गेली अकरा वर्षे पहाटे चारला उठून दीड तास प्रार्थना करतो आणि त्यात कधी खंड पडू दिलेला नाही. पंधरा मिनिटांत मन स्थिरसुद्धा होत नाही. आदर्श हवा असेल तर फादर डेमियन यांचे संपूर्ण चरित्र वाचावे. कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी हे बेल्जियन धर्मगुरू १८७३ मध्ये हवाईतील मोलोकाई बेटावर गेले, पुढे त्यांनाही तोच रोग जडला आणि १८८९ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

एकचवाट
येशू असताना दुसरा आदर्श कशाला हवा? मी एका पाळकांना फार मानत असे. त्यांचे वागणे उघडकीस आले तेव्हा माझा विश्वासच डळमळला आणि दोन वर्षे मी उपासनेला गेलो नाही. माणसाला डोक्यावर घेऊ नये, एवढेच मी सांगेन.

शांतघडी
तुमचे दुःख समजते, पण प्रेषित पौलानेच करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहिले आहे की, मी जसा ख्रिस्ताचे अनुकरण करतो तसे तुम्ही माझे करा. माणसाकडे पाहून शिकणे आणि माणसाची भक्ती करणे यांत अंतर आहे.

पायवाट, तुमचा प्रश्न वाचून मला फ्रान्समधील लिझ्यूच्या मठात राहणाऱ्या संत तेरेझा आठवल्या. त्या १८९७ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेल्या आणि त्यांचे बहुतेक सगळे मोठेपण मठाच्या भिंतींआडच्या बारीकसारीक गोष्टींत आहे. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी सतत चमत्कारिक आवाज करीत असे. तेरेझांना इतका त्रास होई की घाम फुटे, आणि मागे वळून एकदा तिच्याकडे रोखून पाहावे असे वाटे. त्या वळल्या नाहीत. तो आवाज टाळण्याची धडपड सोडून, जणू सुंदर संगीतच चालले आहे अशा रीतीने त्या तो लक्षपूर्वक ऐकू लागल्या, आणि तेच ऐकणे त्यांनी येशूला अर्पण केले. तुमच्या आईचा पाचवा प्रश्न मला याच जातीचा वाटतो.

रोखठोक
राग आला म्हणून एवढे मनाला लावून घेऊ नये. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात येशूही रागावलेला आहे, आणि मंदिरात तर त्याने सराफांचे चौरंग उलथून टाकले.

शांतघडी
तो राग कोणासाठी होता, तेही पाहावे. तिसऱ्या अध्यायात वाळलेल्या हाताचा माणूस समोर उभा असतो, त्याला शब्बाथदिवशी, म्हणजे ज्या दिवशी यहुदी काम करीत नाहीत त्या विसाव्याच्या दिवशी, बरे करावे की नाही यावर लोक गप्प बसतात, आणि त्यांच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे येशूला राग आणि खेद दोन्ही होतात. स्वतःला त्रास झाला म्हणून तो तिथे रागावलेला नाही. आपला राग मात्र बहुधा आपल्याच गैरसोयीचा असतो.

जुनीवही
मीही फादर डेमियन यांचेच नाव सुचवेन. त्यांच्या काळातील लोकांनी त्यांना हट्टी म्हटले होते, हे कळल्यावर मला फार धीर आला, कारण माझा स्वभावही तसाच आहे. २००९ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. सोबत आठवड्यातून एक दिवस उपास धरावा. मला त्याचा पुष्कळ लाभ झाला आहे.

पायवाट
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘शांतघडी’ यांनी सांगितलेला प्रसंग मी दोनदा वाचला. तरीही मी यांतले कोणतेच नाव घेणार नाही. हे वाचता वाचता मला आमच्या मंडळीतील एक आजी आठवल्या. उपासना संपून सगळे बाहेर पडले की त्या मागे थांबतात, गीतांची पुस्तके गोळा करतात आणि प्रत्येक पुस्तकाची दुमडलेली पाने अंगठ्याने दाबून सरळ करतात. त्यांच्या पतीला अंथरुणाला खिळून बरीच वर्षे झाली आहेत, आणि त्यांनी कोणाशी चढ्या आवाजात बोललेले मी कधी ऐकलेले नाही. येत्या रविवारी मी त्यांच्यासोबत पंधरा मिनिटे थांबणार आहे. पाने सरळ करता करता, पाचव्या वेळी त्या काय करतात, ते विचारीन.

पहाटतारा
तरीही पहाटेची प्रार्थना सोडू नये.