वस्तू समोर असते पण दिसत नाही, काम ठरलेले असते पण आठवत नाही

प्रश्न
माझे वय ५२ आहे. गेली दोन वर्षे दोन गोष्टी मला सतावत आहेत आणि त्यांचा परस्परांशी संबंध आहे का, हे समजून घ्यायचे आहे. एखादे काम मनाशी ठरवून मी दुसऱ्या खोलीत जाते आणि तिथे कशासाठी आले तेच आठवत नाही. दुसरी गोष्ट अधिक बेचैन करते: चष्म्याचे घर टेबलावर अगदी समोर असते, मी तीनदा नजर फिरवते, तरी ते दिसत नाही, कुणी बोट दाखवले की क्षणात दिसते. घरच्यांना हा निष्काळजीपणा वाटतो. माझ्या आईला उतारवयात स्मृतिभ्रंश झाला होता, त्यामुळे मला भीती वाटते.

प्रतिसाद १
हा निष्काळजीपणा नव्हे, हे आधी सांगतो. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग फार लहान असतो, साधारण हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. नजर सेकंदाला सुमारे तीन उड्या मारते आणि उरलेले चित्र मेंदू अंदाजाने जुळवतो. त्यामुळे चष्म्याचे घर उभे असेल अशा कल्पनेने शोधताना ते आडवे, कागदाने अर्धवट झाकलेले असले, तर नजर त्यावरून जाऊनही त्याची दखल घेतली जात नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ च्या प्रयोगात चित्रफितीतील चेंडूफेक मोजण्यात गुंतलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना गोरिलाच्या वेशातील व्यक्ती मधून चालत गेलेली दिसलीच नाही, आणि त्यांच्या डोळ्यांत काही दोष नव्हता.

खोली बदलल्यावर विसरण्याचेही असेच आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांच्या २०११ च्या प्रयोगांत, तेवढेच अंतर एकाच खोलीत चालण्यापेक्षा दार ओलांडल्यावर विस्मरण अधिक आढळले. मेंदू बहुधा तिथे नवा प्रसंग सुरू झाला असे धरतो. शिवाय किल्ली ठेवताना मन दुसरीकडे असेल, तर ती जागा मनात नोंदलीच जात नाही. मग ती आठवणार कुठून? म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ अवधानात असू शकते.

प्रतिसाद २
वरील स्पष्टीकरण मला पटते, पण सारे काही अवधानावर सोपवू नये, असे मी अनुभवाने सांगतो. दाराच्या चौकटीला माझा डावा खांदा वारंवार आपटत असे आणि वर्षभर मी त्याला धांदरटपणा समजत राहिलो. अखेर तपासणीत काचबिंदू निघाला. या आजारात कडेची दृष्टी बहुधा वेदनेविना, हळूहळू जाते आणि गेलेल्या जागी काळे दिसत नाही, कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो. गेलेली दृष्टी परत येत नाही. पुढची हानी मात्र औषधाने रोखता किंवा लांबवता येते. म्हणून केवळ चष्म्याचा नंबर तपासून थांबू नका, दृष्टिक्षेत्राची, म्हणजे कडेला कुठवर दिसते याची, चाचणीही करून घ्या. विसरण्यामागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, अपुरी झोप, नैराश्य किंवा झोपेची आणि ॲलर्जीची काही औषधेही असू शकतात, आणि यांवर उपाय आहेत. ओळखीचा रस्ता चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, पायरीच्या उंचीचा अंदाज न येणे, असे काही असेल तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.

प्रतिसाद ३
शोधताना नजर नुसती फिरवू नये. टेबलाच्या एका कडेपासून ओळीओळीने जावे आणि वस्तूचे नाव मोठ्याने म्हणावे. करायचे काम एखाद्या ठरलेल्या कृतीशी बांधावे, जसे ‘दात घासून झाले की गोळी घेईन’. ‘संध्याकाळी घेईन’ एवढ्यावर माझे कधीच निभावले नाही.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. रस्ता चुकणे किंवा प्रश्न पुन्हा विचारणे असे काही होत नाही, हे मी घरच्यांनाही विचारून पाहिले. चष्म्याच्या घराला आता भडक पिवळी पट्टी लावली आहे. नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, रक्ततपासणीही करणार आहे. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत दोन्ही डोळे एकत्र तपासतात का?

प्रतिसाद २
नाही, एक डोळा झाकून दुसरा तपासतात. मधल्या खुणेकडे स्थिर पाहायचे आणि कडेला प्रकाशाचा ठिपका जाणवला की बटण दाबायचे. बरेच ठिपके इतके मंद असतात की निरोगी डोळ्यालाही दिसत नाहीत, त्यामुळे मध्येच घाबरू नका. थकवा आला तर थांबवण्यास सांगा. थकून दिलेली चाचणी अनेकदा पुन्हा करावी लागते.