चवळीच्या बियांतलं अँटीफंगल पेप्टाइड काढतेय, डायलिसिसला अडलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला आहे, प्रोजेक्टला चवळीच्या बियांतलं बुरशीविरोधी पेप्टाइड घेतलंय. चवळी, मूग, हरभरा, वाटाणा यांच्या बियांत डिफेन्सिन नावाची छोटी बचावाची प्रथिनं (पेप्टाइड) असतात, 45 ते 54 अमिनो आम्लांची, आठ सिस्टीन, त्यांचे चार डायसल्फाइड बंध, म्हणून उकळलं तरी सहसा मोडत नाहीत.

मी पीठ रात्रभर थंड बफरमध्ये ढवळलं, सेंट्रिफ्यूज करून अर्क काढला, मग तो उकळला, पांढरा साका बसला तो टाकला आणि वरचं पिवळसर पाणी हरभऱ्याच्या मर रोगाच्या फ्युजॅरियम बुरशीवर, प्लेटमध्ये पाडलेल्या छोट्या खड्ड्यात (वेलमध्ये) लावलं. त्या वेलभोवती बुरशीचा कापूस थोडं अंतर सोडून थांबलाय, नुसत्या बफरच्या वेलला मात्र तो पार कडेला टेकलाय! उकळूनही परिणाम राहिला म्हणजे हे लेक्टिन किंवा कायटिनेज (बियांतली मोठी, उकळल्यावर सहसा मोडणारी प्रथिनं) नसावं असं मी धरतेय, बरोबर ना?

आता अडचण अशी की पुढे अमोनियम सल्फेटने प्रोटीन खाली पाडायचं तर नंतर ते मीठ काढायला डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पिशवीतून छोटे रेणू बाहेर जाऊ देणं) आलं, आणि आमच्याकडे पिशवी 12 किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं माप, त्याहून छोटं ते बाहेर जातं), डिफेन्सिन जेमतेम 5 चं, म्हणजे मिठाबरोबर तेही निघून जाणार. मीठ ठेवलं तर बुरशी कशाने थांबली ते कळणार नाही, शिवाय कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे क्षार माध्यमात जास्त असले की डिफेन्सिनचा जोरच कमी होतो. सेफाडेक्स जी-25 च्या (रेणू आकाराने वेगळे करणाऱ्या मण्यांच्या) छोट्या कॉलमवर हे काम होईल का, की 5 किलोडाल्टन त्याच्या अगदी काठावर येतं? 2 किंवा 3.5 कटऑफची पिशवी कुणाकडे शिल्लक आहे का? आणि प्रथिनं आकाराने वेगळी करून दाखवणाऱ्या साध्या ग्लायसीन जेलवर एवढा छोटा बँड धुरकट पसरतो, छोट्या प्रथिनांसाठीचं ट्रायसीन जेल लावलेल्यांनी अॅक्रिलामाइड किती टक्के घेतलं तेही सांगा प्लीज.

घरी ताईला गजकर्ण आहे, क्रीमने जातं आणि परत येतं, म्हणून आत्या म्हणतेय चवळीचं पीठच लावून बघू. मी नको म्हटलं, प्लेटवर बुरशी थांबली म्हणजे कातडीवर औषध झालं असं नाही, त्यात कच्च्या पिठाने अॅलर्जी उठली तर अजून व्याप. पण टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधालाही न जुमानणारी बुरशी आपल्याकडे वाढतेय, त्यामुळे हे काम नीट व्हावं असं फार वाटतं.

पुणे, कोल्हापूर, संभाजीनगर, कुठल्याही लॅबमध्ये पिशवी मिळत असेल तर स्वतः येऊन घेऊन जाईन.