बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी जपानी फुलदाणी घ्यायची आहे, प्राणी कोणता असावा?

कृष्णाकाठ
नमस्कार. गेली तीन वर्षं आम्ही फुकुओकाला आहोत, जूनमध्ये कायमचे सांगलीला परततोय. जुलैत बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांच्यासाठी इथून हाताने घडवलेली, हातानेच रंगवलेली पोर्सिलेनची फुलदाणी न्यायची खूप इच्छा आहे. तीस-चाळीस हजार येनपर्यंत खर्च करू शकते. बाबा रोज सकाळी परसातलं एखादं फूल नाहीतर निशिगंधाची काडी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवतात, तीही स्टीलच्या पेल्यात. म्हणून नुसती काचेच्या कपाटात ठेवायची नको, रोज पाणी भरता यावं अशी हवी.

इथल्या दुकानांत प्रत्येक फुलदाणीवरच्या प्राण्याला काही ना काही अर्थ आहे. करकोचा, कासव, कोई मासा, ससा, घुबड. एका दुकानातल्या बाईंनी वडीलधाऱ्यांसाठी घुबड सुचवलं. चित्र इतकं सुंदर आहे की डोळ्यांसमोरून हलत नाही. पण आमच्याकडे घुबड चालेल का? आणि हाताने रंगवलेलं ओळखायचं कसं?

पाणथळ
करकोचा घ्या, दुसरा विचारच नको. तिकडे म्हणतात, करकोचा हजार वर्षं, कासव दहा हजार वर्षं. हजार चंद्र पाहिलेल्या माणसाला हजार वर्षांचा पक्षी!

माजघर
कृष्णाकाठ ताई, घुबडाबद्दल सांगते. जपानीत घुबडाला फुकुरो म्हणतात. ‘फु’ म्हणजे नाही आणि ‘कुरो’ म्हणजे कष्ट, त्यामुळे ‘कष्ट नसोत’ असा आशीर्वाद त्यातून निघतो. म्हणून तिथे ते प्रेमाने भेट देतात. आपल्याकडे ते लक्ष्मीचं वाहन खरं, पण ‘घरावर घुबड बसलं’ हे वाक्य आपण कोणत्या सुरात बोलतो ते तुम्हाला माहीत आहेच. समारंभाला मावश्या, आत्या, शेजारपाजारचे येणार. प्रत्येकीला अर्थ समजावत बसावं लागेल आणि बाबांनाही ते ऐकत बसावं लागेल. इतकं आवडलं असेल तर घुबड स्वतःसाठी घ्या. बाबांसाठी नको.

चाकावरची_माती
मी सिरॅमिक शिकलो आहे, आरिता या पोर्सिलेनच्या गावाला दोनदा जाऊन आलो. तुम्ही फुकुओकाला आहात म्हणजे हाकाता स्टेशनवरून एक्स्प्रेसने साधारण दीड तास. तिथे जाऊनच घ्या. १६१६च्या सुमारास री सानपेई या कोरियन कुंभाराला तिथल्या इझुमियामा डोंगरात पोर्सिलेनला लागणारा दगड सापडला आणि जपानचं पोर्सिलेन तिथून सुरू झालं, असं मानतात. जवळच्या इमारी बंदरातून माल बाहेर जायचा म्हणून जुन्या मालाला इमारी हेच नाव पडलं. इशिकावा प्रांताकडची कुतानी शैलीही सुरेख आहे. हिरवा, पिवळा, जांभळा, गर्द निळा, लाल असे पाच रंग ठसठशीत भरतात. पण रोजच्या टेबलावर, एकाच फुलासोबत, मला पांढऱ्यावर निळं जास्त शोभतं असं वाटतं. त्याला सोमेत्सुके म्हणतात.

त्यात व्यवहाराची बाजूही आहे. हा निळा रंग झिलईच्या खाली असतो. आधी भांडं कमी आचेवर नुसतं कच्चं भाजतात, मग चित्र काढतात, वर झिलई देऊन साधारण १३०० अंशांना पुन्हा भाजतात. त्यामुळे चित्र काचेखाली झाकल्यासारखं राहतं, घासून जात नाही. लाल, हिरवा, सोनेरी हे रंग झिलईच्या वर चढवून त्याहून बऱ्याच कमी आचेवर भाजतात. तेवढे नाजूक, त्यातही सोनेरी तर फारच. रोज धुवायची वस्तू असेल तर सोनं टाळा.

आता हातकाम. बाह्यरेषा नीट बघा. कुंचला टेकतो तिथे रेष जाड होते, उचलतो तिथे निमुळती. निळ्याची भरण जाड, भरपूर रंग पिणाऱ्या कुंचल्याने करतात, त्याला दामी म्हणतात. तिच्यात कडेला रंग साचून गडद झालेला दिसतो, मध्ये विरळ. छापाच्या कागदाने उतरवलेल्या चित्रात ही चढउतार नसते. भिंगातून बारीक ठिपके दिसतात, कुठेतरी चित्राचा सांधा जुळवलेलाही सापडतो. त्याच नमुन्याची दुसरी फुलदाणी मागा आणि शेजारी ठेवा. दोन्ही प्राण्यांचे डोळे तंतोतंत एक निघाले तर तो छाप. घेण्यापूर्वी नखाने हलकी टिचकी मारा. खणखणीत वाजली पाहिजे, बद्द आवाज आला तर तडा असू शकतो.

कृष्णाकाठ
किती मनापासून लिहिलंत! घुबड बाजूला ठेवलं. करकोचा नक्की करावा म्हणते, पण खरं सांगू का, प्रत्येक लग्नाच्या भेटीवर इथे करकोचा आहे. बाबांसाठीच निवडलं असं काही वाटत नाही.

जुनी_पोथी
मग ससा घ्या. सहस्रचंद्रदर्शनाला सशासारखं दुसरं काही नाही!

आपण चंद्राला शशांक म्हणतो, ज्याच्या अंगावर ससा आहे तो. जातककथांमध्ये तो ससा भुकेल्या याचकाला द्यायला काही नाही म्हणून स्वतः आगीत उडी घेतो. याचक असतो शक्र, म्हणजे आपला इंद्र. तो सशाला वाचवतो आणि त्याची आकृती चंद्रावर रेखतो. बौद्ध धर्माबरोबर ही कथा जपानला पोचली. तिथल्या चंद्रावरही ससाच आहे, फक्त तो उखळात मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, कांडतो. म्हणजे आपल्याकडूनच गेलेला ससा तुम्ही घरी परत आणणार! जपानी भांड्यांवर लाटांवरून पळणारे ससेही असतात. पाण्यावर चंद्र पडला की ससा लाटांवरून धावतो अशी ती कल्पना. तसा नमुना विचारा.

चाकावरची_माती
पोथी, हे मला सुचलंच नव्हतं. आणि ताई, करकोचाही सोडायला नको. लांब, बारीक मानेच्या फुलदाणीला त्सुरुकुबी म्हणतात, अर्थ ‘करकोच्याची मान’. घाट करकोच्याचा, चित्र सशाचं! निशिगंधाची एक काडी त्यात सरळ उभी राहते. रुंद तोंडाच्या फुलदाणीत ती एका बाजूला कलंडते.

बारीक मानेत हात जात नाही, म्हणून आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि मूठभर तांदूळ घालून हलवायची. आतला बुळबुळीत थर निघतो.

वाटेवरचा_थांबा
२९ एप्रिल ते ५ मे आरिताला भांड्यांची मोठी जत्रा असते. आरिता आणि कामी-आरिता या दोन स्टेशनांमधल्या चारेक किलोमीटरच्या रस्त्यावर दुतर्फा दुकानं. थोडा दोष असलेला माल तिथे खूप स्वस्त मिळतो, पण भेटीसाठी तो घेऊ नका. गर्दी प्रचंड असते, सकाळी लवकर पोचा. किरी लाकडाची पेटी आवर्जून मागा. तिच्यावर कलाकाराची सही असेल तर ती पेटी म्हणजे वस्तूची ओळख, अडगळीत टाकू नका. विमानात हातातल्या सामानातच न्या, फुलदाणीच्या मानेवर कशाचाही भार येऊ देऊ नका.

कृष्णाकाठ
काल जाऊन आले. आधी तोझान देवळात गेले, तिथली तोरी कमानसुद्धा पोर्सिलेनची आहे, पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी. मग जत्रेतून बाहेर पडून एका गल्लीतल्या छोट्या कारखान्यात त्सुरुकुबी मिळाली. दोन ससे, खाली लाटा, वर चंद्र. छत्तीस हजार येन, पेटीसकट.

रंगवणाऱ्या आजी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी दाखवलं की चंद्र रंगवलेलाच नाही. भोवतीचं आकाश दामीने भरलं आणि तेवढा गोल कोरा सोडला. मी त्यांना बाबांच्या हजार चंद्रांबद्दल मोडक्या जपानीत सांगितलं. त्यांनी हातातला कुंचला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी फुलदाणी माझ्या हातात दिली.

आईला फोन करून निशिगंधाची काडी मोजून ठेवायला सांगितली आहे. बाबांना कळू न देता.