शब्दचर्चा: ‘फिनलंडायझेशन’ला मराठीत काय म्हणावे?

तळटीप

शीतयुद्धावरच्या मराठी लिखाणात या शब्दासाठी ‘फिनलंडीकरण’ किंवा ‘मांडलिकत्व’ वाचायला मिळते, नाहीतर सरळ लिप्यंतर. तिन्ही खटकतात. अर्थ साधारण असा: बलाढ्य शेजाऱ्याने (फिनलंडच्या बाबतीत सोव्हिएत संघाने) देश गिळलेला नाही, संसद, निवडणुका, बाजारपेठ सगळे जागच्या जागी आहे, पण परराष्ट्र धोरणात, आणि हळूहळू घरच्या राजकारणातही, शेजाऱ्याला काय रुचेल ते आधी पाहायचे. याला सुटसुटीत शब्द काय? आणि एक उपप्रश्न: फिनलंड नाटोत जाण्यापूर्वी ‘तटस्थ’ होता की ‘अलिप्त’?

पानगळ

शब्द मुळात फिनलंडचा नाही. १९६०च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या राजकारणात ‘फिनलांडिझीरुंग’ रूढ झाला, तोही घरच्या भांडणात. पूर्वेशी, म्हणजे सोव्हिएत गटाशी, जुळवून घेऊ पाहणाऱ्यांना विरोधक बजावत, असेच चाललात तर आपलाही फिनलंड होईल. फ्रान्झ योसेफ श्ट्राउस यांच्यासारख्या उजव्या नेत्यांच्या तोंडी तो असे. म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातली शिवी, नाव मात्र फिनलंडचे.

फिनिश भाषेने ती आपल्याकडे घेताना मोठी गंमत केली. तिथे दोन रूपे होतात. ‘सुओमेत्तामिनेन’ म्हणजे कोणीतरी तसे करणे आणि ‘सुओमेत्तुमिनेन’ म्हणजे आपण तसे होत जाणे. फरक एका स्वराचा. रूढ झाले ते दुसरे, आणि तिथला सगळा वाद त्या स्वरातच आहे: मॉस्कोने किती वाकवले आणि आपण होऊन किती वाकलो. मराठीत ‘-करण’ लावले की कर्ता बाहेरचा ठरतो आणि हा प्रश्नच बुजतो. ‘फिनलंडीकरण’ला म्हणूनच माझा विरोध.

दुसरी अडचण, ‘फिनलंडीकरण’ वाचून कोणालाही वाटेल की काहीतरी फिनिश वळणाचे केले. त्यासाठी तिथे वेगळे शब्द आहेत: ‘सुओमेन्ता’ म्हणजे फिनिशमध्ये अनुवाद करणे, ‘सुओमालाइस्ता’ म्हणजे फिनिश रूप देणे. १९०६ साली हजारो लोकांनी स्वीडिश आडनावे टाकून फिनिश घेतली, ते हे दुसरे.

संस्कृतातून घ्यायचे तर ‘-भवन’ आहे, बाष्पीभवन-घनीभवनातले. ‘फिनलंडीभवन’ व्याकरणात चोख बसते, पण शाळेच्या प्रयोगवहीतून उचलल्यासारखे वाटते.

हिशेबनीस

‘मांडलिकत्व’ तर साफ चूक. मांडलिक खंडणी देतो आणि बोलावले की फौज घेऊन जातो. फिनलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या ६ एप्रिल १९४८च्या मैत्री, सहकार्य आणि परस्पर साहाय्य करारात (फिनिश आद्याक्षरांवरून ‘वाय-वाय-ए’) यातले काहीच नाही. जर्मनीने किंवा जर्मनीच्या मित्रराष्ट्राने फिनलंडवर, अथवा फिनलंडमार्गे सोव्हिएत संघावर हल्ला केला, तरच फिनलंडने लढायचे, तेही स्वतःच्या भूमीत. सोव्हिएत मदत गरज पडली तर, आणि दोघांच्या संमतीने. महासत्तांच्या भांडणाबाहेर राहण्याची फिनलंडची इच्छा करारनाम्याच्या प्रस्तावनेतच नोंदवलेली आहे. पूर्व युरोपातल्या करारांत असे कलम शोधून सापडणार नाही.

काहींनी ‘तैनाती फौज’ ही उपमा वापरलेली पाहिली. तीही बसत नाही. १८०२च्या वसईच्या तहात इंग्रजांची पलटण पेशव्यांच्या मुलुखात राहणार आणि तिचा खर्च पेशव्यांनी सोसायचा असे होते. फिनलंडमध्ये सोव्हिएत सैन्य होते ते हेलसिंकीजवळच्या पोर्क्कालाच्या तळावर. तो सोव्हिएत संघाशी झालेल्या १९४४च्या शस्त्रसंधीने ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेला आणि १९५६च्या जानेवारीत परतही मिळाला.

फिनलंडच्या लष्कराला खरा लगाम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९४७च्या पॅरिस तहाचा. भूदल ३४,४००, नौदल ४,५००, हवाई दल ३,००० माणसे आणि ६० विमाने. पाणबुड्यांना बंदी. सप्टेंबर १९९०मध्ये फिनलंडने एकतर्फी जाहीर केले की ही बंधने आता लागू नाहीत.

उंबरठा

पानगळ यांचा ‘होत जाणे’चा मुद्दा पटला, पण संस्कृतात कशाला जायचे? मराठीत ‘-आवणे’ आहे की. दुरावणे, मंदावणे, खालावणे, सोकावणे, निर्ढावणे. कोणी ढकलले ते बोलायचे नाही, स्थिती मात्र बदलत गेली. तसे फिनलंडावणे. ‘सत्तरच्या दशकात फिनलंडची वृत्तपत्रे फिनलंडावली होती.’ विशेषण ‘फिनलंडावलेला’, नाम ‘फिनलंडावलेपण’. ‘सोकावणे-निर्ढावणे’च्या शेजारी बसल्याने थोडी निंदेची छटाही आपोआप येते, आणि मूळ शब्दात ती आहेच.

तळटीप

‘फिनलंडावणे’ आवडला, पण वाचकाला उदाहरणाशिवाय कळणार नाही. नेमके काय होत असे?

पानगळ

क्रमाने सांगतो, कारण दाब आणि वाकणे यांचे प्रमाण काळानुसार बदलत गेले.

१९५८: पंतप्रधान फागरहोल्म यांचे सरकार मॉस्कोला नको होते. सोव्हिएत राजदूत गेला तो परत आला नाही, व्यापाराची बोलणी थांबली, वर्ष संपण्याआधी सरकारने राजीनामा दिला. या प्रकरणाला ‘युओपाक्कासेत’ म्हणतात, शब्दशः रात्रीची कडक थंडी, पिकाला मारणारी. मराठीत ‘हिमकडा’ वगैरे लिहू नये, ‘कडाका’ पुरे.

३० ऑक्टोबर १९६१: मॉस्कोची चिठ्ठी आली, १९४८च्या कराराप्रमाणे लष्करी सल्लामसलत हवी. अध्यक्ष केक्कोनेन नोव्होसिबिर्स्कला जाऊन ख्रुश्चेव्ह यांना भेटले, सल्लामसलत टळली. दरम्यान अध्यक्षपदासाठी केक्कोनेन यांच्याविरुद्ध उभे राहिलेले होंका यांनी उमेदवारी मागे घेतली. इथपर्यंत दाब डोळ्यांना दिसतो.

पुढचे मात्र बहुतेक आपण होऊन. १९७३मध्ये केक्कोनेन यांची मुदत निवडणूक न घेता खास कायद्याने चार वर्षे वाढवली. रशियन लेखक सोल्झेनित्सिन यांच्या सोव्हिएत छळछावण्यांवरील ग्रंथाचा पहिला फिनिश अनुवाद १९७४ साली छापावा लागला स्टॉकहोममध्ये. उजवीकडचा कोकोओमुस पक्ष १९६६ ते १९८७ सत्तेबाहेर राहिला; १९७९च्या निवडणुकीत त्याच्या जागा वाढल्या तरी त्याला सरकारात घेतले नाही, आणि कारण सांगितले गेले ‘यलेइसेत स्युत’, म्हणजे ‘सर्वसाधारण कारणे’. बड्या पुढाऱ्यांचा सोव्हिएत दूतावासात एकेक ठरलेला माणूस असे, त्याला ‘कोतिर्युस्सा’ म्हणत. शब्दशः ‘घरचा रशियन’, पण ‘र्युस्सा’ हा रशियनांसाठी हिणकस शब्द आहे, तो रंग अनुवादात धुऊन जातो.

हिशेबनीस

‘खंडणी’ वरून आठवले. १९४४च्या शस्त्रसंधीने फिनलंडवर ३० कोटी डॉलरचा बोजा टाकला, तो त्याने १९५२पर्यंत जहाजे, यंत्रे, लाकूड, कागद अशा मालाच्या रूपात फेडला. त्यालाही मराठीत ‘खंडणी’ लिहिलेले दिसते. फिनिश शब्दातले ‘कोर्वाउस’ म्हणजे भरपाई. ‘युद्धभरपाई’ लिहा. खंडणी दरसाल चालू राहते, ही फिटली.

उंबरठा

उपप्रश्नाकडे. या धोरणाचा फिनिश शब्द ‘पुओलुएत्तोमूस’. त्यातल्या ‘पुओलुए’चा अर्थ आपल्या ‘पक्ष’सारखाच, बाजूही आणि राजकीय पक्षही. पंचालाही हेच विशेषण लागते. त्याला ‘तटस्थता’ नीट बसते. पण ही तटस्थता धोरण होती, कायदा नव्हे. ऑस्ट्रियाने १९५५मध्ये ती घटनात्मक कायद्याने स्वीकारली, तसे फिनलंडने कधी केले नाही.

१ जानेवारी १९९५ला युरोपीय संघात गेल्यावर ‘तटस्थ’ मागे पडला आणि ‘लष्करी युतीत नसणे’ एवढाच दावा उरला. त्याला ‘अलिप्तता’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे नेहरू, नासर आणि १९६१चे बेलग्रेड उभे राहते. फिनलंड त्या अलिप्ततावादी चळवळीचा सदस्य नव्हता. ‘युतीमुक्त’ही नको, आपल्याकडे युती म्हणजे जागावाटप. ‘लष्करी करारांबाहेरचा’ लांब आहे, पण गैरसमज होत नाही. ४ एप्रिल २०२३ला नाटोत गेल्यापासून तोही वापरता येत नाही.

पानगळ

अवांतर, पण फिनलंडवरच्या मराठी लेखांत हटकून येणारा घोळ: ‘राखीव दल’. मराठी वाचकाला राज्य राखीव पोलीस दल आठवते, आणि ते पूर्णवेळ नोकरीचे. फिनलंडमधला राखीव सैनिक सक्तीची सेवा (१६५, २५५ किंवा ३४७ दिवस) करून घरी गेलेला सुतार किंवा शिक्षक असतो. युद्धकाळातले २,८०,००० संख्याबळ मुख्यतः यांच्यातूनच उभे राहते. म्हणून ‘राखीव सैनिक’ लिहावे, ‘दल’ टाळावे. त्यांना मधूनमधून सरावाला बोलावतात, त्यासाठीच्या शब्दाचा पहिला भाग ‘केर्तौस’, शाळेत परीक्षेआधी मुले करतात तोच. ‘पुनःप्रशिक्षण’ कशाला, सरळ ‘उजळणी’ म्हणा.